सरळ रेषेतले नऊ तास चाळीस मिनिटं

अंतर मी स्वतः काढलं होतं. दोन शहरांची नावं टाकली की वेबसाइट सांगते : सात हजार नऊशे किलोमीटर, विमानाने नऊ तास चाळीस मिनिटं. ते कागदावर उतरवून मी समेटाच्या बैठकीला गेले.

कोर्टाने मला लेकीबरोबर महिन्याला अठ्ठेचाळीस तास दिले होते. कुठे, कसे, ते आम्ही ठरवायचं होतं. वकीलबाई कानात म्हणाल्या, "तुम्हीच तिकडे जा. पूर्ण वेळ पदरात पडेल."

मी ऐकलं नाही. चार वर्षांची पोर, तिला माझ्या घरातला तिचा पलंग नको? तिच्या बापाच्या दारातून निघाल्यापासून पुन्हा त्याच दारात पोचेपर्यंत अठ्ठेचाळीस तास, हे कलम मीच सांगून लिहून घेतलं. जाण्यायेण्याचे वीस गेले तरी अठ्ठावीस उरतात, असा माझा हिशेब.

तो समोर बसून ऐकत होता. विमान कंपनीत वेळापत्रकं बनवणं हे त्याचं रोजचं काम. "तू म्हणशील तसं," एवढंच म्हणाला आणि सही केली. मला वाटलं, नरमला.

या दोन शहरांमध्ये थेट विमानच नाही. मध्ये एका विमानतळावर सात तास बसावं लागतं. शिवाय तीन तास आधी पोचायचं, सामानाची वाट बघायची, टॅक्सी. घर ते घर, वीस तास. परत जायला तेवढेच. उरले आठ.

फोन केला तर शांतपणे म्हणाला, "मग अर्ज कर की. सहाएक महिन्यांत तारीख मिळेल."

"तुला माहीत होतं."

"तू विचारलं नाहीस."

शेवटचं पाहिल्यापासून सात महिन्यांनी, काल, लेक आली. सकाळी दहा वाजता, आत्याच्या खांद्यावर, गाढ झोपेत. सहाला निघायचं होतं. तिला पलंगावर ठेवलं, बूट काढले. बूट नवे होते, मोठ्या मापाचे. माझी एके काळची नणंद दारासमोरच्या खुर्चीत पाय पसरून बसली.

अकरा. बारा. एक. मी हळूच हाक मारली, केसांतून हात फिरवला, पडदे सरकवले.

"उठवू नका हो वहिनी," ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. "दोन्ही विमानांत पोरीचा डोळ्याला डोळा लागला नाही. तुमच्या हौसेपायी आधीच हाल झालेत तिचे."

दोन वाजले. तिचा श्वास संथ चालला होता. इतकी शांत झोपलेली पोर मी इतक्या रागाने कधी पाहिली नव्हती.

तीनला मी ओला टॉवेल आणला आणि तिच्या तोंडावर फिरवला. ती दचकून उठली, रडायला लागली. मला पाहिलं, खोली पाहिली, आणि हात आत्याकडे पसरले.

"आत्या, या काकू झोपू देत नाहीत."

आत्या हसली नाही. तेवढी माणुसकी तिच्यात निघाली. उठून हात पुढे केले.

"नाही," मी म्हटलं. "अजून तीन तास आहेत."

आणि दोन्ही दंड धरून मी तिला जमिनीवर उभं केलं. गुडघे दुमडत होते तिचे. मी पुन्हा उभं केलं.