ओठ राहिलेत

थोरली न्यूमोनियानं गेली तेव्हा घरात तिचा एकही धड फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची. आईनं इस्पितळाच्या धोबीखान्यात सकाळची पाळी मागून घेतली आणि दुपारी चित्रकलेच्या मास्तरांकडे जाऊ लागली.

"मला एकच चेहरा काढायचाय. तेवढं शिकवा."

"आठवणीतून चेहरा उभा राहत नाही, बाई," मास्तर म्हणाले. "समोर माणूस बसवा."

आईनं धाकटीला बसवलं, स्वयंपाकघराच्या खिडकीशी. धाकटी हरखली. बहीण गेल्यापासून आईनं तिच्याकडे असं टक लावून पाहिलंच नव्हतं. सुटीच्या दिवशी ती आपण होऊन केस विंचरून स्टुलावर येऊन बसे. मान अवघडली तरी हूं की चूं करत नसे. आई आधी मातकट रंगात सावल्या मांडी, थर वाळू देई, मग त्यावर गालांचा, कपाळाचा रंग चढवी. घरभर टर्पेंटाइनचा वास.

"बघू तरी दे," धाकटी म्हणे.

"पुरं होऊ दे गं."

एकदा आई ब्रश धुवायला मोरीत गेली आणि धाकटी हळूच उठली. कॅनव्हासवर थोरली होती. तिचीच रुंद हनुवटी, भुवईजवळचा तीळ. ओठांच्या जागी नुसता डाग.

आई दारात येऊन थबकली.

"हा तीळ माझा नाही, आई."

"माहितेय."

"मग मला कशाला बसवलंस इतके दिवस?"

"उजेड तुझ्यावर पडतो," आई म्हणाली. "तिच्यावर कुठून पाडू?"

आईनं धुतलेला ब्रश फडक्याला पुसला.

"बस ना जरा. ओठच राहिलेत."

ती बसली. खिडकीतला उजेड सरेपर्यंत बसली. डोळ्यांतलं पाणी ओघळत होतं, ते पाहून आई म्हणाली, "ओठ हलवू नकोस."

पुढच्याच महिन्यात धाकटीनं दुसऱ्या शहरात नोकरी धरली. फोन करायची, जेवलीस का विचारायची. चित्राचं नाव काढत नसे. चित्र बघून मास्तर म्हणाले, "साधलंत, बाई." आईला त्याचं काही वाटलं नाही.

शेवटी तिनंच फोनवर विषय काढला. "येशील का गं बसायला? या वेळी तुझंच काढते. खरंच."

"आई, मी समोर नसताना माझा चेहरा येतो का तुझ्या डोळ्यांपुढे?"

आईनं डोळे मिटले. थोरलीच आली. आईनं डोळे आणखी घट्ट मिटले. पलीकडून धाकटीनं सावकाश फोन ठेवला.