कॅप्सूलची चव

दादांच्या जिभेवर त्या रस्त्याचा जेवढा विश्वास होता, तेवढा कोर्टावरही नसेल. बेकरीतला पहिला पाव भट्टीतून बाहेर आला की दादा त्याचा तुकडा तोंडात टाकत, डोळे मिटत आणि सांगत, की आज नवं पोतं फोडलंय, पाणी वरच्या टाकीचं आहे आणि मळणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे होतं. मळणारा मान खाली घाली, कारण तिन्ही गोष्टी खऱ्या निघत. गल्ल्यावर त्यांची बायको बसे. तिला सगळा रस्ता वहिनी म्हणे. वहिनींच्या मते देवाने त्यांच्या नवऱ्याला जीभ दुप्पट दिली होती आणि कान निम्मे, कारण घरात सांगितलेलं एकही काम त्यांना ऐकू जात नसे.

अशा माणसाचं मन विझलं. कारण विचाराल तर काहीच नाही. धंदा जोरात, लेक दुसऱ्या गावी नोकरीत रमलेली, तब्येत ठणठणीत. तरी दादा पिठाच्या पोत्यांवर जाऊन बसू लागले आणि स्वतःचे हात बघू लागले. वहिनींनी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "दुःख होतंय असंही नाही गं. काही वाटतच नाही. रडू आलं असतं तरी बरं झालं असतं."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची कुठेच टंचाई नसते. कुणी म्हणालं फिरायला जा, कुणी म्हणालं मन घट्ट करा. एकाने तर वहिनींना गल्ल्यावर येऊन सांगितलं, की हे सगळे रिकामपणाचे रोग. पहाटेपासून भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला रिकामपणाचा रोग. वहिनींनी त्याच्या हातात त्याचा पाव दिला, दार दाखवलं आणि दादांना घेऊन थेट मोठा दवाखाना गाठला.

तिथली डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या लेकीएवढी. तिने एक औषध दिलं, लागू पडलं नाही. दुसरं दिलं, त्याने नुसती झोप आली. मग एके दिवशी तिने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "एक नवं औषध आलंय. जुनी औषधं ज्यांना लागू पडत नाहीत, त्यांच्यासाठी. पण ते खरंच काम करतं का, हे आम्ही अजून तपासतोय. निम्म्या लोकांना औषधाची कॅप्सूल मिळते, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कुठली, ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं."

"आणि तुम्हाला माहीत असतं, कुणाला काय मिळालं ते?" वहिनींनी विचारलं.

"नाही. माहीत असतं तर माझ्या तोंडावर दिसलं असतं, आणि यांनी ते वाचलं असतं. मग गुण औषधाचा की माझ्या चेहऱ्याचा, हे कळलंच नसतं."

वहिनींना ती तिथेच आवडली. आजवर त्यांना सगळं माहीत असलेले डॉक्टर पुष्कळ भेटले होते. मला माहीत नाही, हे इतक्या ठामपणे सांगणारी ही पहिलीच. दादांनी सगळं समजून घेतलं, तयारी दाखवली आणि कॅप्सूल सुरू झाल्या.

काही आठवडे काहीच झालं नाही. मग एका सकाळी पिठाची गाडी आली, आणि दादांनी पोत्यात हात घालून गाडीवाल्याची अशी हजेरी घेतली, की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. पीठ दमट होतं. गाडीवाला बिचारा हात जोडून उभा, आणि वहिनी गल्ल्यामागे हसू दाबत होत्या. इतक्या दिवसांत नवऱ्याला कुणाचा राग आलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्या आठवड्यात दादांनी दाढी केली, लेकीला आपणहून फोन लावला, मळताना गुणगुणले. वहिनींनी कुणाला काही सांगितलं नाही. सुखाला नजर लागते की नाही ते ठाऊक नाही, पण गप्प राहायला पैसे पडत नाहीत.

मग मामा आला. मामा म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. लेकीचा मामा म्हणून सगळ्या रस्त्याचाच मामा झालेला. रोज चहाला यायचा, बशीभर बिस्किटं संपवायचा आणि वर बिस्किटांना खोट काढायचा. मनाने वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं.

"दाजी," तो बिस्कीट बुडवत म्हणाला, "एक सांगा. तुम्हाला औषध मिळालंय की नुसतंच टरफल?"

"डॉक्टरलासुद्धा माहीत नाही."

"डॉक्टरला नसेल. पण एवढी जीभ आहे तुमच्याकडे, तिला विचारा की!"

दादांचा चहाचा कप हवेतच थांबला. मग ते उठले, कॅप्सूलची बाटली घेऊन आले, एक कॅप्सूल उघडली आणि आतली पांढरी भुकटी जिभेवर टाकली. डोळे मिटले. ते मिटलेले डोळे पाहून वहिनींना इतका आनंद झाला, की आपला नवरा काय करतोय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"दुधाची साखर," दादा म्हणाले. "दुधाच्या पावडरीत असते ना, तीच. दुसरं काही नाही. कडू नाही, तुरट नाही, काही नाही." त्यांनी डोळे उघडले. "म्हणजे मी औषधाशिवाय बरा झालो."

हे म्हणताना त्यांची छाती अशी काही वर आली, की ओठांवर आलेली शंका वहिनींनी मागे घेतली. आजारापेक्षा दादांना आजाराची लाज जास्त छळत होती, हे त्या एकट्याच जाणून होत्या. ती लाज त्या क्षणी धुऊन निघाली होती. माणूस स्वतःच्या पायावर उभा राहिल्याचं सांगत असताना त्याला खुर्ची कोण देणार?

"डॉक्टरीणबाईंना सांगा मात्र," त्या एवढंच म्हणाल्या.

"कशाला? पोरगी मेहनत करतेय. तिचं मन कशाला मोडायचं?"

कॅप्सूल भट्टीवरच्या फळीवर एका रिकाम्या डब्यात जाऊ लागल्या. दवाखान्यात विचारलं की दादा सांगत, घेतो की नियमाने. वहिनी शेजारी बसून मूग गिळत. त्यांनाही तेच खरं हवं होतं, ही त्यांची चूक.

घसरण एकदम आली नाही. आधी गुणगुणणं थांबलं. मग लेकीचा फोन वाजत राहू लागला. वहिनी स्वतःला सांगत, दमले असतील, हवा बदलली असेल. स्वतःची समजूत घालायला माणूस किती कारणं शोधतो, आणि सगळी कशी पटतात.

मग एका सकाळी मळणारा मीठ टाकायला विसरला. पहिला पाव बाहेर आला. दादांनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, मान डोलावली. "लावा काउंटरला."

थोड्या वेळाने रस्त्यापलीकडच्या शिवणकामवाल्या बाई पाव परत घेऊन आल्या. "वहिनी, आज कापूस विकताय का?" वहिनींनी तुकडा मोडून खाल्ला. मिठाचा कणही नव्हता. त्या पाव घेऊन आत गेल्या.

"अहो, हा जरा परत खाऊन बघा."

दादांनी खाल्ला. सावकाश चावला. "बरोबर आहे की," ते म्हणाले, आणि पुन्हा पोत्यावर जाऊन बसले.

वहिनींच्या पायाखालची जमीन सरकली. कित्येक वर्षांत नाही ते त्यांनी केलं. भर दिवसा शटर निम्मं खाली ओढलं, फळीवरचा डबा काढला आणि दादांच्या पुढ्यात ठेवला.

"उद्या दवाखान्यात जायचं आणि खरं सांगायचं."

दादांनी डबा उचलून हलवून पाहिला. मग म्हणाले, "सांगितलं, आणि निघालं त्यात औषध, तर? मग माझं काय राहिलं? मी माझा उठलो होतो, एवढं एकच माझ्याकडे आहे. तेही गोळीचं म्हणायचं?"

इतकं सलग ते बऱ्याच दिवसांनी बोलले होते. वहिनी त्यांच्यासमोर दुसऱ्या पोत्यावर बसल्या.

"पोतंभर पिठाला यीस्ट किती घालता?"

"हे काय आता?"

"सांगा ना. किती?"

"थोडंसंच. मूठभर."

"आणि पावाला त्याची चव लागते?"

"लागली तर पाव बिघडला म्हणायचं," दादा म्हणाले. आजारातसुद्धा हे उत्तर ताठ आलं.

"मग त्या बोटाच्या पेराएवढ्या कॅप्सूलमध्ये औषध असून असून असणार किती? तुमच्या जिभेला सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं कसं?" वहिनींचा आवाज चढला. "आणि यीस्टने फुगला म्हणून पाव तुमचा नाही, असं कधी म्हणालात का हो? त्याने फुगतो. पण पहाटे उठून मळतं कोण?"

दादा उठून भट्टीकडे गेले. पण दुसऱ्या दिवशी चप्पल घालून तेच आधी दारात उभे होते.

दवाखान्यात त्यांनी सगळं सांगितलं. कॅप्सूल उघडल्याचं, चाखल्याचं, डब्याचं, खोटं बोलल्याचं. डॉक्टरीणबाईने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग तिने सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं?" "नाही," दादा म्हणाले, "तेवढंही काही वाटत नाही." तिने आणखी बरंच विचारलं, खात्री करून घेतली, आणि मगच साखरेकडे वळली.

"दुधाची साखर दोन्हींत असते, दादा. औषध इतकं थोडं, की कॅप्सूल भरायला दुसरं काहीतरी लागतंच. तुमची जीभ चुकली नाही. निकाल चुकला."

"म्हणजे मला औषध मिळत होतं?"

"मला माहीत नाही. आजही नाही. तुम्ही थांबवलं आणि खाली गेलात, हे खरं. पण ते औषध सुटल्यामुळे, की हा आजार असाच वरखाली होतो म्हणून, हे एका माणसावरून सांगता येत नाही. म्हणून तर आम्ही शेकडो लोकांना विचारतोय. आणि त्यातला एकजण घेतो म्हणून सांगून घेत नसेल, तर माझं मापच खोटं. उद्या त्या मापावर कुणाला तरी औषध दिलं जाणार."

खोटं माप म्हटल्यावर दादा वर बघायला लागले. मापात खोट करणाऱ्या एका सख्ख्या मित्राशी त्यांनी आयुष्यभराचा अबोला धरला होता. "कधीपासून थांबवल्या ते बरोबर टिपून घ्या," ते म्हणाले. "माझं चुकलं."

ती वरिष्ठांशी बोलून आली. पुन्हा सुरू करायला नियमात जागा होती. "आणि हे नाहीच लागू पडलं," दादांना सोडायला दारापर्यंत येत ती म्हणाली, "तर माझ्याकडे दुसरी वाट आहे, तिसरी आहे. माझ्या वाटा इतक्यात संपत नाहीत."

कॅप्सूल रोज चहाबरोबर वहिनींच्या डोळ्यांसमोर जाऊ लागल्या. कसं वाटतंय विचारलं की दादा म्हणत, बरं वाटतंय. पण वहिनींचं तोंड एकदा दुधाने पोळलं होतं. आता त्या ताकही फुंकून पिणार. नवऱ्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवायचा नाही, असं ठरवून त्यांनी स्वतःचं संशोधन काढलं.

रोज सकाळी त्या स्वतः थोडं पीठ वेगळं मळत. त्यात मीठ निम्म्याहूनही कमी. त्याचा एक छोटा पाव भाजून दादांच्या बशीत ठेवत आणि लगेच पाठ फिरवून पाव बांधायला लागत. तोंडावर दिसलं असतं तर त्यांनी वाचलं असतं, हे त्या दवाखान्यात शिकल्या होत्या. मळणाऱ्याला तंबी होती, की एक अक्षर बोलायचं नाही.

दादा पाव खात आणि म्हणत, "बरा आहे." वहिनी कागदाची गाठ आणखी घट्ट मारत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. एकदा मामाने तो पाव चुकून उचलला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "गिळ मुकाट्याने," वहिनी दात आवळून म्हणाल्या, "हे सगळं तुझ्यामुळे झालंय." मामाने जन्मात पहिल्यांदा खोट न काढता काहीतरी गिळलं.

दादा पुन्हा दाढी करू लागले. लेकीचा फोन उचलू लागले. वहिनी हुरळल्या नाहीत. पाव ठेवत राहिल्या.

मग एका सकाळी, काउंटरला चांगली गर्दी असताना, मागून आवाज आला.

"हा पाव कुणी मळलाय?"

वहिनींचे हात दोऱ्यावर थांबले. त्या वळल्या. दादा बशी हातात धरून उभे होते आणि त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

"विचारतोय मी. मीठ निम्मंसुद्धा नाही यात. कुणाच्या हातचा आहे?"

मळणाऱ्याने वहिनींकडे बोट दाखवलं.

"तू?" दादा म्हणाले. "एवढी वर्षं या बेकरीत काढलीस, आणि मिठाचा अंदाज नाही तुला? लोकांनी काय खायचं हे? आणि पाणी... पाणी खालच्या टाकीचं वापरलंस. हो की नाही? आणि मळलंय पण किती घाईने, जरा तरी लक्ष..."

भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, ते बोलतच सुटले. सगळा रस्ता वहिनींना ओळखत होता. नवऱ्याचा अर्धा शब्दही त्या कधी उत्तर दिल्याशिवाय सोडत नसत. आता काय उत्तर येतं म्हणून सगळे त्यांच्याकडे बघू लागले. वहिनी नुसत्या उभ्या होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

मामा घाबरला. "अगं ताई, एवढं काय मनाला लावून घेतेस? दाजी, बास करा आता..."

"तू गप्प बस," वहिनी म्हणाल्या. "मला ऐकू दे."