दमणीच्या पुढं गेलेली मोटार

मित्रांनो, कडब्याच्या गंजीआड पत्रा उसवलेलं एक धूड तुम्हांला दिसत असेल. त्याच्यावर कोंबड्या बसतात. शाळेतून येणारी पोरं त्याचा भोंगा दाबून बघतात आणि तो वाजला नाही की हिरमुसून जातात. ते धूड म्हणजे मी. मी एक जुनी मोटार आहे. शिरड शहापूरच्या व्यंकटराव देशमुखांची मोटार म्हणून एके काळी आसपासच्या गावांत माझा मोठा बोलबाला होता. आता माझ्या मागच्या गादीतून काथ्या बाहेर आला आहे आणि त्यात उंदरांनी संसार थाटला आहे. थाटोत बिचारे. निदान कुणीतरी तिथं सुखानं राहतं.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडच्या एका कारखान्यात झाला. त्यातलं मला फार आठवत नाही. ओल्या रंगाचा वास आठवतो आणि बोटीवरच्या लाकडी खोक्यातला अंधार आठवतो. मला खरी जाग आली ती हैदराबादेत, एका दुकानाच्या मोठ्या काचेमागं.

तिथं आम्ही तिघी शेजारीशेजारी उभ्या होतो. माझ्या डावीकडं एक मोठी बंद मोटार होती. तिला पक्कं छत होतं, खिडक्यांना काचा आणि आतून रेशमी पडदे होते. तिची गादी अशी, की बसणाऱ्याला डुलकीच लागावी. उजवीकडं दोनच माणसांची एक छोटी लाल मोटार होती. ती उभी असतानाही पळतेय असं वाटायचं. आणि मध्ये मी. मला कापडी टप होता, हवा तेव्हा पाडावा, हवा तेव्हा चढवावा. माझी चाकं उंच होती आणि चार माणसं बसून मागं दोन पोती मावत होती.

छत्तीस सालच्या हिवाळ्यात व्यंकटराव मोटार घ्यायला आले. सोबत त्यांचा ड्रायव्हर भावसिंग होता. तो शिरडजवळच्या तांड्यावरचा. त्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहून मुलूख पालथा घातला होता, आणि हा नांदेडला जाऊन इंजिन शिकला होता. दोन दिवस त्यांनी आम्हांला पारखलं. व्यंकटराव बंद मोटारीत बसले, टेकले, खूश झाले. मग म्हणाले, “आराम लई हाय, पन आपल्या काळ्या मातीत ही म्हशीवानी बसंल.” लाल मोटारीतून ते गावात चक्कर मारून आले. वाऱ्यानं त्यांचा फेटा सुटला होता आणि ते लहान लेकरासारखे हसत होते. “मजा हाय बुवा! पन दोघंच बसनार. बाकीच्यांनी काय मागं पळावं?”

मग ते माझ्यात बसले. टप पाडून पाहिला, चढवून पाहिला, मागची जागा वितीनं मोजली. “हिच्यात आराम बी हाय, मजा बी हाय अन् कामाची बी हाय. भावसिंग, हीच बराबर!”

दुकानातल्या माणसानं तेवढ्यात विचारलं, “साब, जनानी सवारी भी रहेगी क्या? तो वो बंद गाडी अच्छी.”

व्यंकटराव हसले. “हमारी औरतें साल में एक बार निकलतीं. चादर बांध लेंगे.”

मित्रांनो, तेव्हा त्या बोलण्याकडं माझं लक्षच नव्हतं. तिघींतून माझी निवड झाली, याच तोऱ्यात मी होते. माणसाला काय, मोटारीलाही कौतुक चढतं.

देशमुखांच्या घरात तेव्हा गोषा होता. घरच्या बायकांचा चेहरा परक्या पुरुषाला दिसता कामा नये, अशी रीत. मी गावात आले त्या दिवशी सगळं शिरड अंगणात लोटलं होतं, पण व्यंकटरावांच्या पत्नी पार्वतीबाई गर्दी पांगेपर्यंत दाराआडच होत्या. मग त्या आल्या, माझ्या नाकाडावर कुंकू लावलं आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, “मला कळमनुरीला नेशील ना गं बाई?” कळमनुरी त्यांचं माहेर. तिथं त्यांची म्हातारी आई होती आणि तिचे डोळे गेले होते. बैलांच्या दमणीतून, चारी बाजूंनी पडदे लावून जायचं तर एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस लागायचा. म्हणून त्यांना वर्षातून एकदाच पाठवत. मी मनातल्या मनात हो म्हटलं. नाही कशाला म्हणू? मला कुठं अवघड होतं!

पहिलीच संधी जवळा बाजारला लग्नाची आली. माझ्या टपाभोवती चादरी बांधल्या. आत पार्वतीबाई आणि त्यांच्या सासूबाई नर्मदाबाई बसल्या. मी वेग घेतला आणि वाऱ्यानं एकेक चादर शिडासारखी फुगली. नेमका बाजाराचा दिवस. भर पेठेत गाठी सुटल्या, चादरी मागं उडाल्या, आणि पोरं ओरडत धावत सुटली. दोघी सासू-सुना पदरात तोंड खुपसून खाली वाकल्या. घरी आल्यावर नर्मदाबाईंनी निकाल दिला, “या उघड्या गाडीत पुन्यांदा आमच्या घरची बाई बसायची न्हाई.” व्यंकटरावांनी मान डोलावली. त्यांनाही लोकांच्या हसण्याची लाज वाटली होती.

त्यानंतर माझ्यात कोण बसलं नाही ते विचारा. तहसीलदार बसले, शिकारीचे पाहुणे बसले, सरकीची पोती बसली. साप चावलेल्या एका गड्याला मी हिंगोलीच्या दवाखान्यात वेळेत पोचवलं आणि तो वाचला. गावानं माझ्या गळ्यात हार घातला. पार्वतीबाई तो हार जिन्याच्या खिडकीतून बघत होत्या. मला तो टोचत होता, मित्रांनो, खरंच टोचत होता.

एकोणचाळीस साली, दिवाळीनंतर, एका सकाळी कळमनुरीहून सायकलवर माणूस आला. पार्वतीबाईंचे भाऊ किसनराव यांचा निरोप होता: आईचं काही खरं नाही, ताईला लगेच पाठवा.

“भावसिंग, गाडी काढ,” व्यंकटराव म्हणाले. भावसिंगनं हँडल मारलं. मी एका झटक्यात चालू झाले. एवढ्या आनंदानं मी कधीच चालू झाले नव्हते.

नर्मदाबाई ओसरीवर आल्या. “भर दिवसा? उघड्या गाडीत? जवळ्याला झालं तेवढं हसं पुरं न्हाई झालं का?”

“माय, म्हातारीचा जीव चालला,” व्यंकटराव म्हणाले.

“म्हनून काय आब सोडायचा? दमनी जुपा. मी जाते सूनबाईसंगं.”

पार्वतीबाई दाराआड उभ्या होत्या. हातात छोटं गाठोडं होतं. त्या व्यंकटरावांकडं बघत राहिल्या. व्यंकटरावांनी खाली पाहिलं. बैल जुपले, पडदे सोडले, दमणी गेली.

दुपारी व्यंकटरावांना राहवेना. निदान आपण तरी पुढं जावं म्हणून ते माझ्यात बसले. औंढ्याच्या पुढं, माळावरच्या रस्त्यात आम्ही दमणीला गाठलं. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भावसिंगनं माझा वेग कमी केला.

“सरकार, हितं कोनी न्हाई बघाया. बाईसायबाला घेऊ का?”

व्यंकटरावांनी पडद्याकडं पाहिलं. आत आई होती आणि बायको होती. पडदा किंचित हलला. एक क्षण मला वाटलं, आता माझं दार उघडणार.

“चल पुढं,” ते म्हणाले.

मी पुढं गेले. माझ्या चाकांची सगळी धूळ त्या पडद्यांवर बसली. मी कुठंही थांबले नाही, अडखळले नाही. ऊन कलायच्या आत कळमनुरीच्या दारात होते. व्यंकटराव घाईनं आत गेले. आतलं बोलणं मला ऐकू आलं नाही. दिवेलागणीला रडण्याचा आवाज उठला. पार्वतीबाई पोचल्या तेव्हा दुसरा दिवस चढला होता आणि आईला नेऊन झालं होतं.

व्यंकटराव बायकोला म्हणाले, “मोटार वाटंत बंद पडली. मी आलो तवा आई बेसुद व्हत्या. तू असतीस तरी काई उपेग नव्हता.” किसनरावांना त्यांनी हात जोडले होते, म्हणून ते गप्प राहिले. भावसिंगही गप्प राहिला. मला तर तोंडच नव्हतं. बायकोला दुःख होऊ नये म्हणून ते खोटं बोलले की स्वतःला वाचवायला, हे मला आजवर कळलेलं नाही. पण त्यांचं पाप माझ्या इंजिनावर टाकलं गेलं, याचा राग मला खूप दिवस होता.

मग लढाईची झळ गावापर्यंत आली, पेट्रोल मिळेनासं झालं. मी गोठ्याशेजारी उभी राहिले. टपाला उंदरांनी भोकं पाडली. व्यंकटराव माझ्याकडं फिरकत नसत. भावसिंग मात्र पंधरा दिवसांनी यायचा, तेलपाणी करायचा आणि इंजिन थोडं फिरवून जायचा.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात गावोगाव लुटालूट-जाळपोळीची धास्ती पसरली. माणसं घरदार सोडून, पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जाऊ लागली. एका सकाळी व्यंकटरावांनी जपून ठेवलेला पेट्रोलचा डबा माझ्यात ओतला. पुढं भावसिंग आणि व्यंकटराव बसले. मागं, माझ्या त्या गादीवर, पार्वतीबाई आणि नर्मदाबाई. सुनेनं पदर ओढून घेतला, तशी नर्मदाबाईच म्हणाल्या, “तोंड झाकू नका सूनबाई. लोकायला वाटंल दागिने लपवून राहिल्या. उघड्याच बसा.”

जे आईच्या ओढीनं झालं नाही, ते भीतीनं झालं.

वाट कळमनुरीवरूनच होती. इतकी वर्षं उभी होते, पण मी धावले. औंढा मागं गेलं, हिंगोली गेली. पार्वतीबाई उघड्या चेहऱ्यानं झाडं बघत होत्या. कळमनुरीची घरं दिसू लागली तेव्हा ऊन नुकतं तापत होतं.

“आलं बी?” त्या म्हणाल्या. मग, “भावसिंगदादा, त्या वक्ताला ही कुठं बंद पडली व्हती?”

भावसिंगचा पाय पेडलवर सैल पडला. “सरकार सांगतील, बाईसायब.”

व्यंकटरावांनी मागं वळून पाहिलं नाही. “बंद न्हवती पडली,” ते म्हणाले. “मी गेलो तवा आई जाग्या व्हत्या. बोलत व्हत्या. पारू आली का, म्हनून इचारलं. म्या सांगितलं, मागून येऊन राहिली.”

“मंग काय म्हनली?”

“म्हनल्या, ‘घाई करू नका म्हनावं तिला. येऊ द्या सावकास. मी हाय.’”

नर्मदाबाई पदराआड रडू लागल्या. पार्वतीबाई रडल्या नाहीत. माहेरचं घर आलं तशी भावसिंगनं मला थांबवायला घेतलं. त्या म्हणाल्या, “आता काहून थांबता? चला.” त्यांचा हात माझ्या दारावर होता. नदीपर्यंत त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. वऱ्हाडातून परत आल्यावरही कामापुरतंच बोलत राहिल्या.

ती माझी शेवटची फेरी. बैलांनी ओढून मला परत आणलं आणि या गंजीआड लावलं. व्यंकटराव कधीमधी येऊन माझ्या पायरीवर बसतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. आराम बघा, मजा बघा, कामाचंही बघा. पण घरात कुणाला कुठं जायची ओढ आहे, ते आधी विचारा. आणि घेतलेली गाडी चुकीची निघाली, तरी माळावर एकदा तिचं दार उघडता येतं. तेवढं उघडा.