माझ्या मागे बसलेली दोघे

ज्या वर्षी चनबसप्पांच्या थोरल्या मुलीचे, शांतम्माचे, लग्न झाले त्या वर्षी, म्हणजे १९७० साली, मला शिवले. मी एक जुना पडदा आहे, सिनेमाचा. मित्रांनो, आता मला पाहून तुम्हाला ते खरे वाटणार नाही.

माझे कापड सोलापूरच्या गिरणीतले. आधी ते लग्नाच्या मांडवाला छत म्हणून बांधले होते. पाहुणे गेल्यावर एवढ्या कापडाचे करायचे काय, म्हणून चनबसप्पांनी तीन पट्टे जोडून मला शिवून घेतले. त्यांचा फिरता तंबू-सिनेमा होता. मंद्रूपच्या बाजाराला, आसपासच्या जत्रांना आम्ही जात असू. माझ्या खालच्या दुमडीत बांबू घालत, म्हणजे मी वाऱ्याने फुगत नसे. एका कोपऱ्यात लग्नातला हळदीचा डाग राहिला होता. कितीही मोठा नट असो, त्या कोपऱ्यात आला की त्याचा गाल पिवळा होई. "चनबसप्पा, ह्याला बी हळद लावली व्हय?" असे कोणीतरी ओरडे आणि सगळे हसत.

लोक माझे कौतुक करत. मी मात्र दमत असे. रोज माझ्यावर कोणीतरी मरे, कोणाचे तरी लग्न लागे, आणि सकाळी मी पुन्हा कोरा. इतके अंगावर घेऊन कोरे राहणे सोपे नसते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मंद्रूपजवळ तलावाचे काम निघाले. लांबलांबची माणसे खडी फोडायला आली. त्यांची तान्ही मुले उन्हात पडलेली पाहून चनबसप्पांनी तंबूचे कापड सावलीसाठी देऊन टाकले. मी उघड्या माळावर दोन बांबूंना बांधला गेलो. त्यामुळे एक गोष्ट नवी झाली. माझ्या मागूनही चित्र दिसू लागले. पुढे गावातली माणसे बसत. ज्यांना कोणी शेजारी बसू देत नसे ती मागे बसत.

तिथे दोन मुले येत. एक मायाप्पा, मंद्रूपचाच, घरी कानडी बोलणारा, दहा वर्षांचा. त्याच्या मानेवर आणि हातांवर पांढरे कोड होते. ते कोणाला लागत नाही, पण शाळेत तो आपले पोते घेऊन दाराशी एकटाच बसे. दुसरी बजा, माळशिरसकडची. तिची आई सोजरबाई कामावर खडी फोडायची. मजुरांच्या मुलांसाठी बाभळीखाली शाळा भरे. बजा डावरी होती. डाव्या हातात पेन्सिल दिसली की गुरुजी त्याच हातावर छडी मारत. उजव्या हाताने तिला एक रेघ सरळ येत नसे. तिने पाटी टाकून दिली होती.

त्या महिन्यात नवी चित्रे घेऊन येणारी गाडी आलीच नाही. एकच चित्र अकरा दिवस दाखवावे लागले. त्यात एक लोहाराची पोरकी मुलगी आणि एक मुका मुलगा होता. गावात दोघांना कोणी विचारत नसे. मुक्याला सगळे 'ए' म्हणूनच हाक मारत. त्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, म्हणून ती मुलगी अक्षरे शिकते आणि शेवटी भरल्या शाळेत फळ्यावर त्याचे नाव लिहिते.

पहिल्या दिवशी ते फळ्याचे दृश्य आले तेव्हा बजा उठून उभी राहिली.

"मायाप्पा, ती बी डावरी हाय की."

मित्रांनो, ती मुलगी उजव्याच हाताने लिहीत होती. मागून पाहणाऱ्याला सगळे उलटे दिसते, एवढेच. मायाप्पाला वाचता येत होते. फळ्यावरची अक्षरे उलटी आहेत, हे त्याने केव्हाच ओळखले होते. 

"व्हय," तो म्हणाला. "डावरीच हाय."

दुसऱ्या दिवशी बजा पाटी घेऊन आली. आईने तिला बजावले होते, "बाजारापातूर नाव काढून दाव. न्हायतर सोमवारपास्नं घमेलं उचलायचं. हितं बसून खायाला कोन घालनार?" बजाला घमेले नको होते. तिच्या वयाच्या मुलींच्या टाळूवरचे केस घमेल्याने झडलेले ती रोज पाहत होती.

ती पडद्यावर बघून अक्षरे काढू लागली, तर तीही उलटी.

"असं न्हवं ग. अक्षराचं त्वांड हिकडं फिरव," मायाप्पा म्हणाला.

"तिनं तर तसंच काढलंय."

"पिच्चरवाल्यांचं अक्षर असलंच असतंय. आपलं असं."

मलाही अक्षरे तेव्हाच आली. दोन वर्षे एवढी नावे अंगावरून गेली, एक वाचता आले नव्हते. बजाबरोबर मीही शिकलो, जरा उशिरा.

अकराव्या दिवशी गावातले कोणी फिरकले नाही. तेच चित्र किती वेळा बघणार? पुढचे मैदान मोकळे पाहून चनबसप्पांनी मागे डोकावले. "मागं कशाला बसलाव रं? म्होरं या की, राजावानी बसा."

मायाप्पा म्हणाला, "नगं मामा, हितंच बरं हाय." पण बजा कधीच पुढे जाऊन बसली होती.

फळ्याचे दृश्य आले. मुलीने उजव्या हाताने खडू उचलला. बजाने चित्र संपेपर्यंत मान वळवली नाही.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू लिवाय लागली हुतीस की."

ती उठून निघून गेली. पाटी माझ्या पायाशीच राहिली. मायाप्पा ती घेऊन बराच वेळ बसला. मला वाटले, आता सोमवारी घमेले.

सोमवारी संध्याकाळी मायाप्पा मला बांबूंना बांधायला आला आणि चनबसप्पांना सांगू लागला.

"सकाळी ईवून पाटी मागून न्हेली मामा. शाळंत डाव्याच हातानं नाव लिवलं. गुरुजींनी छडी उचलली. ती म्हनली, आदी वाचा, मग मारा."

"मग रं?"

"वाचलं. छडी ठिवली आन् हजेरीत नाव घातलं."

"काय बोललं?"

"इल्ल. काय न्हाय. पानी प्याले."

तेवढ्यात बजा आली. मायाप्पाकडे न बघता ती मागच्या बाजूला जाऊन बसली. "हिकडनंच बघू," ती म्हणाली. "हिकडनं चांगलं दिसतंय."

पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि माळशिरसची माणसे परत निघाली. जाण्याआधी त्या दोघांनी माझ्या दुमडीवर मागच्या बाजूने कोळशाने नावे लिहिली. तिने त्याचे लिहिले, त्याने तिचे.

मग तिची पत्रे येऊ लागली, चनबसप्पांच्या पत्त्यावर. मायाप्पा येऊन ती मोठ्याने वाचत असे. शहात्तर साली चनबसप्पांचे गुडघे गेले आणि आमचे फिरणे थांबले. तेव्हापासून मी त्यांच्या घरी पडून आहे. त्यांची बायको पार्वतम्मा माझ्यावर कुरडया वाळत घालते.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत एक कार्ड आले. ते चनबसप्पांनीच वाचले. 'दोन पत्रे पाठवली. उत्तर का नाही? रागावलास काय?' ते कार्ड मांडीवर ठेवून ते दुपारभर बसले. मग माझ्याशेजारी बसूनच त्यांनी उत्तर लिहिले. तीन ओळी झाल्या.

आता पार्वतम्मा मला फाडून फरशी पुसायची फडकी करणार आहे. माझी तक्रार नाही. मी फार वापरला गेलो आहे. फक्त मित्रांनो, कोणाच्या हाती माझी खालची दुमड आली तर ती पाण्यात घालू नका. कोळसा पाण्यात टिकत नाही.

मायाप्पा १९७८ च्या श्रावणात काविळीने वारला. तो सोळा वर्षांचा होता.