मॅनेजरचे वाकडे कोट

“ताई, ह्या बाईंच्या डाव्या हाताला काहीतरी झालंय. एकदा जाऊन बघून या,” मावशींनी कोट माझ्यापुढे धरून सांगितलं, तेव्हा मी हसले. नुसती हसून थांबले असते तरी चाललं असतं. वर म्हणाले, “मावशी, तुम्ही कपडे बघून रोग ओळखायला लागलात तर आपल्या डॉक्टरांनी काय करायचं?” विनोद मलाच इतका आवडला की घरी गेल्यावर नवऱ्यालाही ऐकवला.

कोट कुत्र्याचा होता. तो शिवून पाठवणाऱ्या बाई एकट्या राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या. आणि मावशी म्हणजे आमच्या निवाऱ्यात पिंजरे धुणाऱ्या बाई. त्यांचं काय ऐकायचं? मी साहित्यात एम. ए. आहे.

निवारा म्हणजे गोदामांच्या रांगेतली शेवटची पत्र्याची शेड. बेचाळीस कुत्री, सतरा मांजरं, आणि कुणी कधी आणून सोडली हे कुणालाच न आठवणारी एक शेळी. सकाळी सातला मावशी फिनेलची बादली घेऊन एका टोकापासून सुरुवात करतात. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा धुण्याजोगं झालेलं असतं. भांडी घासणं, गोचिडी काढणं, इंजेक्शनच्या वेळी जनावर धरणं, धरताना चावून घेणं, ही सगळी कामं इतरजण करतात. माझ्याकडे त्याहून जोखमीचं काम आहे. मी देणगीदार सांभाळते.

कुत्रं पोट भरलं की गप्प बसतं. देणगीदाराचं तसं नसतं. एक गृहस्थ दर वाढदिवसाला केक आणि फोटोग्राफर घेऊन येतात. केक कुत्र्यांना चालत नाही, म्हणून तो आम्ही खातो आणि कुत्री फोटोत येतात. एका बाईंनी स्प्रिंगा बाहेर आलेला सोफा पाठवला आणि महिन्याभराने फोन करून काळजीने विचारलं, “त्याच्यावर कुत्री तर नाही ना बसत?” आणखी एकांनी त्यांना पाठवलेला फोटो परत केला. “जरा दुःखी चेहऱ्याचा नाही का तुमच्याकडे? हा फारच मजेत दिसतोय.”

अशा लोकांसाठी आमच्या अध्यक्षांनी पालक योजना काढली. आपण एक प्राणी निवडायचा, त्याला दरमहा काहीतरी द्यायचं, आणि त्या प्राण्याने दरमहा आभाराचं पत्र लिहायचं. प्राण्यांचं शिक्षण कमी पडल्यामुळे ती पत्रं मी लिहिते. सहा वर्षं साहित्य शिकले त्याचं चीज झालं.

मॅनेजर हा आमचा सगळ्यात म्हातारा कुत्रा. एक डोळा गेलेला. ऑफिसच्या उंबऱ्यात आडवा पडून असतो, स्वतः काही करत नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर गुरगुरतो, म्हणून मॅनेजर. त्याला पालक मिळेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण एका शनिवारी या बाई आल्या, पिशवीतून टेप काढली आणि खाली बसून त्याच्या मानेचं, पाठीचं, पोटाचं माप घेतलं. डॉक्टरांना दोनदा चावलेला मॅनेजर मान वर करून उभा राहिला, एखाद्या लग्नाळू मुलासारखा. बाईंनी आयुष्यभर शिवणकाम केलेलं. म्हणाल्या, “पैसे माझ्याकडे नाहीत. थंडीत ह्याला दर महिन्याला एक कोट देईन.”

पहिले तीन कोट इतके नेटके होते की माझ्या लेकीच्या अंगातलं झबलं मला गोणपाटासारखं वाटायला लागलं. आतून मऊ अस्तर, कडेला गोट, पोटाखाली पट्टा, काजं अशी की दोरा कुठे संपला ते दिसू नये. प्रत्येक कोटाबरोबर मॅनेजरच्या नावे चिठ्ठी. त्याने माझ्या अक्षरात उत्तर द्यायचं.

चौथा कोट वाकडा आला. उजवी बाजू पूर्वीसारखीच, डाव्या बाजूची टीप मात्र गल्लीतून चुकलेल्या पाहुण्यासारखी कुठेही गेलेली. तीन बटणं एकाच ठिकाणी. चिठ्ठीत लिहिलं होतं, “मॅनेजर, मशीन रुसलंय. सांभाळून घे.”

मावशी कोट उजेडात नेऊन, उलटा करून बघत राहिल्या. पिंजरे धुवायच्या आधी त्यांनी बावीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात मशीन चालवलं होतं.

“मशीन बिघडलं ना ताई, तर टीप सगळीकडे सारखीच बिघडते,” त्या म्हणाल्या. “ही एकाच अंगाला गेलीये. डाव्या हाताने कापड धरून पुढे सरकवायचं असतं. तो हात धरत नाहीये. आमच्यातल्या एकीचं असंच झालं होतं. आधी टीप गेली, मग ती गेली.”

“आजारी असत्या तर चिठ्ठीत लिहिलं नसतं का?”

“कुत्र्याला?”

त्यावर मी तो मघाचा विनोद केला.

मी बेफिकीर आहे असं कृपा करून समजू नका. माझी लेक अकरा महिन्यांची आहे. ती एका तासात किती वेळा शिंकली याची माझ्याकडे वही आहे. तिच्या श्वासाचा आवाज बदलला तर मला दोन भिंतींपलीकडून कळतं. नवरा म्हणतो, हवामान खात्याने तुला ठेवून घ्यायला हवं. एवढ्या तीक्ष्ण नजरेला समोरचा कोट दिसला नाही, कारण त्याच वेळी मी मॅनेजरला तो घालून फोटो काढत होते.

फोटोखाली मी लिहिलं, ‘आमच्या साहेबांची नवी फॅशन’. एका दिवसात तो फोटो इतक्यांनी बघितला की अध्यक्ष उंबऱ्यातल्या मॅनेजरला ओलांडून धावत आत आले.

“मॅडम, हेच! हेच पाहिजे लोकांना! वाकडा कोट, एक डोळा... डोळ्यांत पाणी येतं हो. बाईंना सांगा, असेच आणखी पाठवा. पाच तरी. मोठ्या देणगीदारांना भेट देऊ.”

“असेच म्हणजे वाकडे?”

“सरळ कोट काय, दुकानात मिळतात.”

मावशी पोछा थांबवून माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि पत्र लिहायला बसले. पत्र छान उतरलं, हे मला आजही नाकारता येत नाही. “प्रिय पालक, तुमच्या वाकड्या कोटामुळे माझं गल्लीत नाव झालं आहे. माझ्या पाच मित्रांनाही असेच हवे आहेत. मशीन रुसलेलंच राहू द्या. तुमचा, मॅनेजर.” खाली त्याच्या पंजाचा ठसा. शाईची गादी चाटून त्याची जीभ दोन दिवस निळी होती.

पंधरा दिवसांनी पार्सल आलं. मी उघडलं आणि किंचाळले. कोट नव्हतेच. पाच कोटांचे कापलेले तुकडे होते, आणि ते एकमेकांना टाचण्यांनी जोडले होते. शेकडो टाचण्या. ऑफिसात सोबत आणलेली माझी लेक टेबलाखाली रांगत होती. एखादी खाली पडली असती तर? तिने तोंडात घातली असती तर? मी तिला उचललं, तिची दोन्ही हातांची बोटं उघडून बघितली, तोंडात बोट फिरवलं, फरशी दोनदा झाडली, आणि रागारागाने बाईंना फोन लावला. होय, तक्रार करायला. माणसाने काही जबाबदारी घ्यावी की नाही?

फोन वाजत राहिला. दुसऱ्यांदाही आणि तिसऱ्यांदाही.

मावशींनी तोवर तुकड्यांतून चिठ्ठी शोधून माझ्यापुढे ठेवली होती. अक्षर ओळ सोडून खाली घसरत गेलेलं. “मॅनेजर, या वेळी शिवणं जमलं नाही. मापं बरोबर आहेत. तुझी पत्रं लिहिणाऱ्या बाईंना म्हणावं, तेवढं शिवून घ्या.”

मावशींनी हातमोजे काढले. “पोरीला घ्या कडेवर. चला.”

“मावशी, दुपारची तिची झोपायची वेळ...”

“झोपेल खांद्यावर. चला म्हणते ना.”

पार्सलवरच्या पत्त्यावर आम्ही पोचलो. खाली औषधांचं दुकान, वर दोन मजले. घंटा दाबली, दार वाजवलं. आतून काहीतरी सरकण्याचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मावशींनी ओठ दाबून धरले होते. मी लेकीच्या कपाळाला हात लावून बघत होते, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. दहा मिनिटांनी दार उघडलं.

बाई खुर्ची पुढे ढकलत, तिच्या आधाराने आल्या होत्या. तोंडाची डावी कड खाली ओघळलेली. गाऊनला पुढे एक नवाच खिसा शिवलेला, आणि डावा हात त्या खिशात ठेवून दिलेला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

“मॅनेजरला नाही आणलंत?” त्यांनी विचारलं. शब्द जड येत होते, पण टोमणा स्वच्छ होता. “पाच कोट मागतो म्हणजे काय? कुत्र्याच्या मानाने फारच हावरट आहे तो.”

“काकू,” मी म्हणाले, “तुम्ही सांगितलं का नाही हो?”

“कुणाला सांगायचं? भाची तिकडे लांब. तिच्या दोन नोकऱ्या, दोन पोरं. उरला तुमचा कुत्रा. दर महिन्याला पत्र येतं, नवा कोट कधी, मित्रांचे कोट कधी. कशी आहेस असं एकदाही नाही विचारलंन.”

साहित्यात एम. ए. असलेल्या बाईने त्यावर खाली बघितलं. मावशी बोलत बसल्या नाहीत. त्यांनी काकूंना खुर्चीत बसवलं, पायात चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, “गाडी बोलवा.”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई काकूंपेक्षा माझ्यावरच जास्त रागावल्या. पहिला झटका येऊन महिना तरी झाला असावा, म्हणाल्या. म्हणजे चौथ्या कोटाच्या आसपास. “सौम्य होता. तेव्हाच आणलं असतंत तर हात बराचसा वाचला असता. पुढचा सौम्यच असेल असं नाही. गोळ्या सकाळ-संध्याकाळ, एकही चुकता कामा नये. एकटं ठेवू नका. तुम्ही कोण त्यांच्या? सून?”

“नाही. मी... त्यांच्याशी पत्रव्यवहार करते.”

“मग पत्रात काय लिहिता?”

मी लेकीचं टोपरं सारखं केलं.

चार दिवसांनी काकू हट्टाने घरी परतल्या. भाचीला फोन केला तर ती रडली आणि सहा आठवड्यांनी रजा मिळेल म्हणाली. रात्री सोबतीला बाई ठेवली, तिला काकूंनी तिसऱ्या दिवशी घालवून दिलं, कारण तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मग मावशींनी सकाळची पाळी घेतली आणि मी संध्याकाळची. निवाऱ्यात अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, चष्मा पुसला.

“फारच हृदयद्रावक,” ते म्हणाले. “ह्यावर एक आवाहन करू या. त्यांचा फोटो आहे का? म्हणजे फार हसरा नको.”

मावशींनी बादली त्यांच्या बुटांजवळ जरा जोरात ठेवली. फिनेलचे डाग चामड्यावरून जात नाहीत म्हणतात.

मी जाते तेव्हा काकू मला खुर्चीत बसवून त्या टाचण्या लावलेल्या तुकड्यांना हाताने टाके घालायला लावतात. “बारीक घाल गं. कुत्रा आहे म्हणून काय झालं?” लेक मांडीवर असते, सुई हातात असते, आणि मी एका वेळी तिघींवर नजर ठेवते: सुईवर, लेकीवर, आणि काकूंच्या तोंडाच्या त्या डाव्या कडेवर. बोलताना ती आणखी घसरते का, कप उचलताना उजवा हात थरथरतो का. वहीत आता दोन रकाने आहेत. नवऱ्याने ते बघितलं आणि या वेळी हवामान खात्याचं नाव काढलं नाही.

आज मात्र लेकीला ताप आहे. एकशे दोन. तासाभरापूर्वीही तेवढाच होता. नवरा कामासाठी परगावी. निवाऱ्यात लसीकरण चालू आहे आणि सकाळी एक कुत्रा मावशींच्या मनगटाला कडकडून चावला, टाके पडून त्या अजून दवाखान्यातच आहेत. म्हणजे सकाळची गोळी कुणी दिली नाही, आणि संध्याकाळची द्यायला मी निघू शकत नाही. तीन वेळा फोन लावला. काकू रागावल्या की फोन उचलत नाहीत. दुसऱ्या कारणानेही उचलत नसतील.

औषधांच्या दुकानाला फोन केला. मालक म्हणाले, “गिऱ्हाईक आहे हो, बघतो जमलं तर.” जमलं का ते त्यांनी अजून कळवलेलं नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. त्या बाजूला कुणी असाल तर जाल का? दुकानाच्या शेजारच्या जिन्याने दुसरा मजला, डावीकडचं दार. घंटेवर विसंबू नका, दार वाजवा. मी बरी आहे म्हणतील, ऐकू नका. हसायला सांगा आणि तोंडाच्या दोन्ही कडा वर जातात का ते बघा. दोन्ही हात पुढे करायला सांगा. शब्द कालच्यापेक्षा जड वाटले, किंवा उजव्या हातालाही काही झालेलं दिसलं, तर मला विचारत बसू नका, सरळ गाडी बोलवा. गोळ्यांची डबी खिडकीत आहे.

दार उघडायला त्यांना वेळ लागतो. आतून सरकण्याचा आवाज आला तर थांबा. नाही आला, तर थांबू नका, दार फोडा.