भागुबाईची आढी

कान्हे गावात भागुबाईच्या आंब्याच्या आढीचं लय कौतुक! पेंढ्यात घातलेला आंबा पिकेपर्यंत ती रोज चाचपायची, डागाळलेला दिसला की उचलून बाहेर. आढीत सडका आंबा सापडला म्हणजे घरची बाई आळशी, असं तिच्या सासूनं तिला शिकवलेलं.

यंदा मात्र सुनेनं, समीक्षानं, दोन आढ्या घातल्या. पोरगी तळेगावच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. एका आढीतले आंबे समुद्री शेवाळाच्या अर्कात बुडवून वाळवलेले, दुसरीतले नुसते पाण्यानं धुतलेले. अर्कानं बुरशी थांबते का, ते बघायचं होतं.

"आई, पाया पडते, कुठल्याच आढीला हात लावू नका. सडतील ते सडू द्या. सर येऊन सडके मोजणार आहेत, त्यावरच माझं पुढचं काम ठरणार."

"न्हाई लावत गं बाई," भागुबाई म्हणाली.

पण सर यायच्या दिवशी सकाळी तिला राहवलं नाही. पेंढा उचकून बघते तर अर्काची आढी ठणठणीत, अन् साध्या आढीत देठापाशी काळे पडलेले, पिचपिचीत आंबे! अगं आई गं! साहेब लोकांनी माझ्या घरात हे बघायचं? तिनं झटझट सडके काढून म्हशीपुढं टाकले आणि घरच्या पाटीतले चांगले आंबे त्यांच्या जागी लावले.

सरांनी दोन्ही आढ्या उलगडल्या. "वा, मावशी! काय सुरेख आढी!" म्हणाले. हेच ऐकायला तर तिनं सारं केलेलं. मग ते समीक्षाकडं वळले. "फरक काहीच नाही गं. अर्काचा उपयोग दिसत नाही. थांबवू या इथंच."

समीक्षाचा चेहरा पार उतरला. भागुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदर तोंडाला लावून ती कशीबशी बोलली, "साहेब, सडके म्या काढलं. म्हशीला घातलं."

"किती होते?"

"मोजलं न्हाईत."

सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, हात लावायचा नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

भागुबाईनं नजर म्हशीकडं वळवली.

"नव्हतं सांगितलं, सर," समीक्षा म्हणाली. "माझीच चूक."

"कमाल आहे तुझी! हंगाम वाया घालवलास. मावशींना बिचाऱ्यांना काय माहीत?"

आता तरी खरं बोलावं, असं भागुबाईला फार वाटलं. पण तोंडातून निघालं ते, "व्हय जी, आमाला काय ठावं." सुनेकडं बघायची तिची हिंमत झाली नाही.