न झालेल्या शर्यतीनंतरचे पाच थेंब

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे आणि माझी शेवटची शर्यत मी जिंकलो. तीही साडेतीन फेऱ्यांच्या फरकानं.

हे वाक्य वाचून झालं असेल तर आता विसरून जा. तसं काही घडलेलं नाही. त्या रविवारी तळ्यावर शर्यत झालीच नाही, असं क्लबच्या वहीत निळ्या शाईनं लिहिलं आहे. खाली सही आहे, शिक्का आहे, तारीख आहे. माझ्याकडे यातलं काहीच नाही, तेव्हा वहीच खरी. मी त्या दिवशी बहुधा झोपलो होतो आणि मला पाण्याचं स्वप्न पडलं.

तर सुरुवातीपासून सांगतो. मी मुठीत मावतो. माझ्या पोटात चहाचा पाऊण चमचा हवा राहते, पण तेवढ्यावर मी मिनिटाला वीस हजार गिरक्या घेत असे. रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या बोटीत मला बसवलेलं होतं. माझं खाणं म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल. हो, तेच एरंडेल, ज्याचं नाव काढलं की तुम्ही पलंगाखाली जाऊन बसता. मी ते रोज आनंदानं प्यायलो. माझ्या स्वभावाची कल्पना तुम्हाला यावरून यावी.

कारखान्यात एका बाईनं माझं चाक बोटानं फिरवून पाहिलं, ‘हे घट्ट आहे,’ असं म्हणाली आणि मला खोक्यात टाकलं. जन्माच्या वेळी माझ्याबद्दल बोललं गेलं ते एवढंच. पण ते कौतुक होतं. आमच्या जातीचं चांगलं इंजिन नवं असताना घट्टच असतं. त्याला धीरानं सैल करणं हे विकत घेणाऱ्याचं काम. बहुतेकांना धीर नसतो, म्हणून बहुतेक इंजिनं बालपणीच वारतात.

मला आत्यानं घेतलं, म्हणून मी वाचलो. आत्या ही शिलाई मशीन दुरुस्त करणारी. अख्खा क्लब तिला आत्या म्हणायचा, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले दोन आजोबासुद्धा. तिच्या नवऱ्याला सगळे ‘मिस्टर’ म्हणत. त्यांना दुसरं नाव असणारच, पण ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही आग्रह धरला नाही. रिमोट मिस्टरांच्या हातात असायचा आणि मी आत्याच्या. मिस्टर फक्त ‘छान’ म्हणत. जेवण झालं की छान, पाहुणे गेले की छान. एकदा आमची बोट बुडाली तेव्हाही त्यांच्या तोंडून सवयीनं ‘छान’ गेलं होतं, आणि त्यावर आत्या आठवडाभर बोलली नव्हती. तेही त्यांना छानच वाटलं असावं.

माझे पहिले आठ दिवस गॅलरीत गेले. मला एका फळीवर आवळून बसवलं होतं आणि थंड राहावं म्हणून बादलीतलं पाणी नळीनं अंगाभोवती फिरत होतं. आत्या मला भरपूर इंधन पाजायची आणि हळू चालवायची. मी धुरानं गॅलरी भरून टाकली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ ओरडले, “अहो बाई, घरात विमान उतरवताय का?”

“उतरवत नाही हो,” आत्या म्हणाली, “अजून उडायला शिकतंय.”

मित्रांनो, माझ्या बाजूला एक बारीक नीडल आहे. तिचं डोकं फिरवलं की खट्, खट् असे खटके लागतात आणि मला मिळणारं इंधन कमीजास्त होतं. ट्यूनिंग म्हणतात ते हेच. इंधन कमी केलं की माझा आवाज चढतो, सुरेल होतो. काठावरचे लोक माना डोलावतात. पण पाण्यावर बोट वेग घेते तशी माझी भूक वाढते, आणि काठावर बरोब्बर वाटलेलं इंधन तिथं अपुरं पडतं. इंधनातच माझं तेल असतं. ते कमी पडलं की मी तापतो आणि तापलो की जागच्या जागी अडकतो, कायमचा. म्हणून आत्या शेवटी दोन खटके इंधन वाढवूनच मला पाण्यात सोडायची. मग काठावर मी भसाभसा धूर सोडत, पडसं झाल्यासारखा फुरफुरत राहायचो.

“आत्या, इंजिनाला वाफ द्या हो!” असं कुणीतरी हमखास म्हणायचं.

“तुझं इथंच गातंय,” आत्या नीडलवरून बोट न काढता म्हणायची. “आत्ताच ऐकून घे. तिसऱ्या फेरीनंतर ऐकायला मिळायचं नाही.”

पाण्यावर गेलो की माझा घसा मोकळा व्हायचा. काठावर हसणारे गप्प बसायचे. आम्ही नऊ कप जिंकले. ते मिस्टरांनी कपाटावर ओळीनं मांडले आणि त्यांच्यात पेनं, सुतळी आणि विजेची बिलं ठेवली.

पण मला कपांपेक्षा वेगळंच आठवतं. बोट काठाला लागली की आत्या आधी माझ्याकडे यायची. टाकीतलं उरलेलं इंधन जाळून टाकायची, मग माझ्या तोंडात पाच थेंब तेल सोडायची आणि अंगठ्यानं चाक दोनदा फिरवायची. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. इंजिन तसंच ठेवलं तर आतले बेअरिंग गंजतात. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे एकदा हार घेऊन पाच मिनिटं ताटकळले. “येते हो, याचं आटपू दे,” आत्या म्हणाली. पाहुण्यांना वाटलं, मिस्टरांचंच काहीतरी चाललंय.

मग एका वर्षी तिनं मिस्टरांना विचारलं, “कसं वाजतंय?”

मी हादरलो. माझ्याबद्दल तिनं कुणाला काही विचारलंय असं कधी झालं नव्हतं, आणि विचारलं तेही कुणाला? “छान,” मिस्टर म्हणाले. मी त्या वेळी भाजत होतो. तिनं माझ्या डोक्यावर बोट टेकवलं, चटका बसला आणि तिनं झटकन इंधन वाढवलं. मग ती बराच वेळ त्या बोटाकडे बघत बसली. शिलाई मशीनच्या खडखडाटात तिची तीस वर्षं गेली होती. वरचे सूर तिला ऐकू येईनासे झाले होते, आणि माझं सगळं बोलणं वरच्या सुरात.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातला लाकडी चमचा आणला. त्याचं एक टोक माझ्या पायाशी टेकवलं, दुसरं दाढांत धरलं आणि डोळे मिटले. मी जे काही बोललो ते लाकडातून दातांत, दातांतून हाडांत आणि तिथून तिच्या डोक्यात गेलं. तिचा चेहरा उजळला. “अगं बाई,” ती चमचा दातांत धरूनच म्हणाली, म्हणून ते ‘अफफाई’ असं ऐकू आलं, “बोलतंय की!”

त्यानंतर आत्या इतकं अचूक ट्यूनिंग करू लागली की तिचे जुने कान लाजावेत. मिस्टर आमटी पळीनं ढवळू लागले. “छान,” ते म्हणाले.

दोन वर्षं हे निभावलं. तोवर आत्या माणसांचं बोलणंही ओठ बघून ओळखू लागली होती. काठावरच्या मांडवाखाली क्लबचं एक टेबल होतं. सगळ्यांची इंजिनं ट्यूनिंगला तिथं येत आणि त्यामागच्या खुर्चीत आत्या बसे. तिला कुणी नेमलं नव्हतं, पण दुसरं कुणी बसतही नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस ती लोकांच्या बंद पडलेल्या मशीनसमोर वाकलेली असायची. सातव्या दिवशी लोक तिच्यासमोर वाकायचे. ती खुर्ची गेली असती तर तिच्याकडे रविवार उरला नसता.

क्लबचा सेक्रेटरी दातांचा डॉक्टर होता. बाकी सगळ्यांना चमचा म्हणजे आत्याची लहर वाटायची. याला दातांतून काय काय ऐकू जातं ते पुस्तकातून माहीत होतं. “आत्या, दाढ हलेल हं,” असं म्हणत तो हसत हसत तिच्या मागे गेला आणि तिथं उभं राहून खिशातल्या किल्ल्या वाजवल्या. आत्यानं मान वळवली नाही. त्यानं किल्ल्या परत खिशात ठेवल्या. इतक्या सभ्यपणे कुणाचं काही काढून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या सभेत तो उठला. “सुरक्षेचा प्रश्न आहे. ज्याला ऐकू येत नाही त्यानं टेबलावर बसू नये. मागून कुणी ओरडलं, ‘बाजूला व्हा,’ तर?”

“बोट पाणी सोडून माझ्या टेबलावर आली,” आत्या म्हणाली, “तर ओरडून काय उपयोग? पळायला लागेल. पाय शाबूत आहेत माझे.”

सगळे हसले. सेक्रेटरीही हसला आणि त्यानं आपल्या मेहुण्याला पुढे केलं. मेहुण्याकडे तापमान मोजायची बंदूक होती. इंजिनावर रोखायची, आकडा बघायचा, नीडल फिरवायची. “कान नको, दात नको,” मेहुणा म्हणाला.

“मग तू तरी कशाला?” कुणीतरी मागून म्हणालं.

शेवटी ठरलं की रविवारी एकच शर्यत घ्यायची. दोन बोटी, सहा फेऱ्या. ज्याचं ट्यूनिंग पुढे येईल, टेबल त्याचं. हेही वहीत लिहिलं गेलं होतं. ते पान आता वहीत नाही.

रविवारी मेहुण्यानं आपल्या इंजिनावर बंदूक रोखली, हवा तो आकडा आणला, आणि त्याचं इंजिन काठावर असं गायलं की बदकंसुद्धा थांबली. आत्यानं चमचा दातांत धरला, मला सुरात आणलं आणि मग दोन खटके इंधन वाढवलं. मी फुरफुरलो. लोक हसले. शिटी झाली. मिस्टर शेजारीच होते. त्यांनी बोट सोडली.

तिसऱ्या फेरीत मेहुण्याच्या बोटीतला आवाज सुरीनं कापावा तसा तुटला. बोट तळ्याच्या मध्यावर थांबली आणि बदकं तिच्याभोवती जमली, मयताला जमतात तशी. आम्ही सहाही फेऱ्या पुऱ्या केल्या. मिस्टर म्हणाले, “छान.” त्या दिवशी तो शब्द पहिल्यांदाच योग्य जागी पडला.

बोट काठाला लागली. आत्यानं तेलाची बाटली उघडली आणि माझ्यावर वाकली. तेवढ्यात सेक्रेटरी तिच्या मागे येऊन उभा राहिला.

“आत्या, सुरुवातीची शिटी तुम्हाला ऐकू आली का?”

आत्या बाटलीचं टोक पुसत होती.

“आत्या, शिटी ऐकू आली का?”

काठावर सगळे गप्प झाले. फक्त ती गप्पपणाही न ऐकता काम करत होती. मिस्टर पुढे आले. “आली,” ते म्हणाले. “तिला आली. मी बघितलं.” एवढी तीन वाक्यं सलग त्यांनी आयुष्यात बोलली नसावीत, आणि तिन्ही खोटी होती.

आत्यानं मान वर केली ती सगळ्यांचे चेहरे बघून. मग वळून सेक्रेटरीकडे पाहिलं. “काय विचारलं यानं?” तिनं मिस्टरांना विचारलं.

सेक्रेटरीनं नियम वाचून दाखवला. सुरुवातीची शिटी दोन्ही बाजूंच्या चालकाला आणि ट्यूनरला ऐकू आली की शर्यत सुरू होते. एकीला आली नाही, म्हणजे शर्यत सुरू झाली नाही. सुरू झाली नाही ती संपणार कशी, आणि संपली नाही ती जिंकणार कोण? मेहुणा म्हणाला, “मग माझं इंजिन जळलं कशात?” त्याला बाजूला नेण्यात आलं.

“बरं,” आत्या म्हणाली. “टेबल घ्या. मला आधी तेल सोडू दे.”

“शर्यत झाली नाही, तर इंजिन फिरलं नाही,” सेक्रेटरी म्हणाला. “न फिरलेल्या इंजिनाला तेल कशाला? आणि ते तपासासाठी जमा करावं लागेल.”

“हात लावून बघा की. गरम आहे.”

मेहुण्यानं सवयीनं माझ्यावर बंदूक रोखली आणि आकडा मोठ्यानं वाचला. “लिहू नकोस,” सेक्रेटरी म्हणाला.

चार स्क्रू काढून त्यांनी मला बोटीतून सोडवलं आणि क्लबच्या लोखंडी कपाटात ठेवलं. दारावर कागदाची पट्टी चिकटवली. माझ्या पोटात इंधन तसंच होतं. तेलाची बाटली आत्याच्या हातात तशीच होती. आमच्यात अंतर होतं ते एका पत्र्याचं.

तपास झालेला नाही. टेबलावर मेहुणा बसतो. त्यानं आजवर अकरा इंजिनं जाळली, सगळी योग्य तापमानाला. मला मात्र कुणी जाळलं नाही. मी ओलसर होत गेलो. आधी मागचा बेअरिंग गेला, मग पुढचा. आता माझं चाक पहिल्या दिवसासारखं घट्ट आहे. फक्त याला कौतुक म्हणत नाहीत.

आत्या एकदा आली होती. किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी दवाखान्यात. तिनं पिशवीतून चमचा काढला, एक टोक कपाटाच्या दाराला लावलं, दुसरं दाढांत धरलं आणि डोळे मिटून उभी राहिली. बराच वेळ. मला बोलायचं होतं. पण ज्यानं बोलतो ते गंजलं होतं. मग तिनं चमचा पदरानं पुसून पिशवीत ठेवला. मिस्टर दारापाशी होते. त्यांनी काही म्हटलं नाही. छानही नाही.

मित्रांनो, वस्तू वापरून झाली की तिच्याकडे पाच मिनिटं बघा. कप नंतर घ्या. एवढंच सांगायचं होतं. बाकीचं मी योग्य मार्गानं कळवत आहे:

प्रति, माननीय सेक्रेटरी यांस.
विषय: न झालेल्या शर्यतीनंतरचे पाच थेंब तेल मिळणेबाबत.
महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार इंजिन त्या दिवशी फिरले नाही हे अर्जदारास मान्य आहे. तथापि न फिरल्यामुळे आलेला गंज प्रत्यक्ष असून सोबत जोडला आहे. तरी अर्जदारास पाच (५) थेंब तेल मंजूर व्हावे. ते आत्याच्या हातून मिळावे. चाक अंगठ्याने दोनदा फिरवावे, न फिरल्यास प्रयत्न झाला असे समजण्यात येईल. तेल सोडतेवेळी तिला मागून कोणीही काही विचारू नये.
कळावे,
अर्जदार, लोखंडी कपाट, खालचा कप्पा.